अशोकाच्या दयेचा खर्च कोणी उचलला?

सम्राट अशोकाच्या मुदपाकखान्यात एके काळी रोज तीन जीव मारले जात: दोन मोर आणि एक हरीण. हरीणसुद्धा रोज नाहीच, अधूनमधून. हा तपशील कुणा परदेशी प्रवाशाने ऐकीव माहितीवरून लिहिलेला नाही. खुद्द राजाने तो दगडावर कोरून घेतला, आणि एकाच ठिकाणी नव्हे तर साम्राज्याच्या चारी टोकांना. गिरनारच्या पायथ्याच्या खडकावरचे मूळ शब्द मराठी कानाला आजही फारसे परके वाटत नाहीत: ‘द्वो मोरा एको मगो, सो पि मगो न धुवो.’ दोन मोर, एक मृग, आणि तो मृगही नित्याचा नाही.

त्याच लेखात मागचा-पुढचा हिशेबही आहे. पूर्वी या राजाच्या पाकशाळेत कालवणासाठी रोज लाखो प्राणी मारले जात, आता हे तीन, आणि पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत. ‘लाखो’ हा आकडा शब्दशः घ्यायचं कारण नाही, राजे लोक मोठ्या आकड्यांत बोलतात. पण ‘आता तीन’ हे मात्र खरं वाटतं. केवळ मोठेपणा मिरवायचा असता तर ‘शून्य’ लिहिणं जास्त सोपं होतं. आपल्याला अजून मोर सुटलेला नाही, हे राजा रयतेला सांगतो आहे.

‘प्राण्यांवर दया करणारा राजा’ म्हटलं की अशोकाचं नाव पहिलं येतं. त्याने पशुरुग्णालयं काढली, शिकार थांबवली, हत्या बंद केली, असं आपण शाळेपासून वाचत आलो. पण त्याचे लेख एकेक करून वाचले तर या दयेचे चांगले तीन थर दिसतात. पहिल्या थरात राजा स्वतःचं ताट आणि स्वतःची करमणूक बदलतो. दुसऱ्यात सरकारी तिजोरी उघडतो. तिसऱ्यात तो दुसऱ्यांना सांगतो की अमुक दिवशी अमुक मारू नका. दयेचं झाकण तिन्हींवर एकच असलं तरी त्यांची किंमत वेगवेगळ्या लोकांनी मोजली. माझ्या मते अशोक समजून घ्यायचा तो इथेच.

थोडी पार्श्वभूमी आधी. अशोकाचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे २६८ ते २३२. राज्याभिषेकानंतर आठ वर्षांनी कलिंगाचं युद्ध झालं. एक लाख माणसं मारली गेली, दीड लाख पकडून नेली, असं तो स्वतःच आपल्या चौदा मुख्य शिलालेखांपैकी तेराव्यात नोंदवतो आणि आपल्याला पश्चात्ताप झाल्याचंही सांगतो. या लेखांची ब्राह्मी लिपी पुढे इतकी विस्मरणात गेली की वाचणारं कोणी उरलं नाही. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी उलगडली तेव्हा कुठे हा राजा पुन्हा बोलू लागला. बरेचसे लेख तो राज्याभिषेकापासूनची वर्षं मोजून लिहितो, त्यामुळे कोणतं पाऊल आधी आणि कोणतं नंतर हे बऱ्यापैकी लावता येतं. प्राण्यांच्या बाबतीत हा क्रम महत्त्वाचा आहे.

आधी स्वतःचं ताट

आठव्या शिलालेखात तो म्हणतो की पूर्वीचे राजे विहारयात्रांना निघत, तिथे मृगया आणि तसल्याच करमणुकी चालत. अभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर तो स्वतः संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला, आणि तिथून विहारयात्रांची धर्मयात्रा झाली. शिकारीच्या जागी श्रमण-ब्राह्मणांची भेट, वृद्धांना दान, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी बोलणं. शिकार ही त्या काळी राजाची निव्वळ मौज नव्हती. घोडेस्वारी, नेमबाजी, रानातल्या टोळ्यांना आपली ताकद दाखवणं, असं सगळंच तिच्यात येई. ती सोडणं म्हणजे राजेपणाची एक ठळक खूण सोडणं.

या आठव्या लेखाचा एक तुकडा आपल्या अगदी दाराशी सापडला आहे. आज लोकलच्या गर्दीसाठी ओळखलं जाणारं नालासोपारा तेव्हा शूर्पारक नावाचं मोठं बंदर होतं. तिथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना हा तुकडा मिळाला. पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा हाती आला. हे लेख आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. सोपाऱ्याला चौदाही लेखांचा संच असणार असं मानतात, बाकीचे दगड कुठे कुणाच्या जोत्यात किंवा विहिरीच्या बांधकामात गेले असतील देव जाणे. चौदांपैकी कोकणाच्या वाट्याला उरले ते या दोनांचे तुकडे, आणि त्यांतला एक नेमका शिकार सोडल्याचा.

दुसऱ्या टोकाला, अफगाणिस्तानात कंदाहारजवळ १९५८ मध्ये एक लेख उजेडात आला. तो ग्रीक आणि अरामी भाषेत आहे, कारण तिथल्या लोकांना त्याच भाषा कळत. त्यात म्हटलं आहे की राजा प्राण्यांपासून दूर राहतो, इतर लोकही राहतात, आणि राजाचे जे शिकारी व कोळी होते त्यांनी शिकार आणि मासेमारी थांबवली आहे. इथे ‘राजाचे’ हा शब्द मोलाचा. बंदी पहिल्यांदा आली ती सरकारी नोकरीत असलेल्या शिकाऱ्यांवर. गावच्या पारध्यावर अजून काही आलेलं नव्हतं.

मोर आणि हरणाच्या त्या पहिल्या शिलालेखात एक मनाईही आहे: ‘येथे’ कोणताही जीव मारून होम करू नये. हे ‘येथे’ म्हणजे नेमकं कुठे, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी म्हणतात राजवाड्यापुरतं, कुणी पाटलिपुत्रापुरतं, कुणी साऱ्या राज्यात. मला पहिल्या दोन अर्थांकडे झुकावंसं वाटतं, कारण लगेच पुढची ओळ स्वयंपाकघराची आहे. घरापासून सुरुवात करणारा माणूस बोलताना घराच्याच गोष्टी करतो.

मग सरकारी तिजोरी

दुसरा शिलालेख सर्वांत प्रसिद्ध. राज्यात सर्वत्र, आणि चोळ, पांड्य, सातियपुत, केरळपुत, ताम्रपर्णी म्हणजे श्रीलंका, यवन म्हणजे ग्रीक राजा अंतियोक आणि त्याचे शेजारी यांच्याही मुलखांत दोन प्रकारच्या चिकित्सेची सोय केली आहे: माणसांची आणि पशूंची. माणसांना आणि पशूंना उपयोगी पडणाऱ्या वनस्पती जिथे नव्हत्या तिथे आणवल्या आणि लावल्या. मुळं आणि फळांचंही तसंच. वाटांवर विहिरी खणल्या, झाडं लावली, पशू आणि माणसं या दोघांच्या उपभोगासाठी.

आता ‘जगातलं पहिलं पशुरुग्णालय अशोकाने काढलं’ हे वाक्य. ते इतक्या ठिकाणी छापलं गेलंय की खोडायला जीव होत नाही, पण लेखात इमारत नाही, खाटा नाहीत, वैद्यांच्या नेमणुका नाहीत. आहे ती चिकित्सा, आणि तिच्यापाठोपाठ लगेच झाडपाला. राजाने उपचाराची सोय केली, म्हणजे मुख्यतः औषधी वनस्पतींचा पुरवठा केला, एवढंच निश्चितपणे म्हणता येतं. मला यात काही उणं वाटत नाही. खेड्यातल्या बैलाच्या खुरांत किडे झाले तर त्याला पाटलिपुत्रातल्या दवाखान्याचा काय उपयोग? गावाच्या कडेला योग्य तो पाला मिळणं आणि तो कसा लावायचा हे माहीत असलेला माणूस असणं, हीच खरी सोय. शिवाय मौर्यांकडे घोड्या-हत्तींचे वैद्य असणारच, कारण सैन्य त्यांच्यावर उभं होतं. अशोकाच्या आजोबांनी, चंद्रगुप्तांनी, ग्रीक राजा सेल्यूकसला ५०० हत्ती दिल्याची नोंद ग्रीक लेखकांनी केली आहे, यावरून पीलखान्याचा पसारा लक्षात यावा. सैन्याच्या जनावरांना औषध मिळे, यात नवं काहीच नाही. ज्याचा सरकारला प्रत्यक्ष उपयोग नाही अशा जनावरालाही मिळावं, ही अशोकाची भर.

वाटेवरच्या सावलीचं अशोकाला मोठं कौतुक आहे. बऱ्याच वर्षांनी लिहिलेल्या सातव्या स्तंभलेखात तो पुन्हा तोच विषय काढतो: वड लावले, पशू आणि माणसांना सावली व्हावी म्हणून, आमराया लावल्या, ठरावीक अंतरांवर विहिरी खणल्या, विसाव्याच्या जागा केल्या, जागोजाग पाणपोया घातल्या, पशू आणि माणसांसाठी. दरवेळी जोडी तीच. यात व्यापाराचा हिशेब होता का? असणारच. सारा माल बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून चाले, तांड्यातला बैल तहानेने बसला की जकातही बसली. पण त्याच लेखात तो पुढे म्हणतो की ही सुखं काही फार मोठी नाहीत, पूर्वीच्या राजांनीही ती दिली होती. मी हे केलं ते लोकांनी धम्माच्या वाटेने चालावं म्हणून. स्वतःच्या विहिरींना ‘यात विशेष काही नाही’ म्हणणारा राज्यकर्ता आपल्याकडे दुसरा झाला असेल तर मला त्याचं नाव ठाऊक नाही. आपल्याकडे हातपंपावरसुद्धा नावाची पाटी लागते.

शेवटी दुसऱ्यांच्या चुली

आता अवघड भाग. राज्याभिषेकाला २६ वर्षं झाल्यावर अशोकाने पाचवा स्तंभलेख काढला. म्हणजे कंदाहारच्या त्या लेखानंतर मधे तब्बल दीड दशक गेलेलं आहे. हा लेख ज्या स्तंभांवर आहे ते उत्तर भारतातले, गंगा-यमुनेच्या पट्ट्यातले. त्यांतला एक, हरियाणातल्या टोपऱ्याचा, चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने दिल्लीला हलवला. तो फिरोजशाह कोटल्यात अजून उभा आहे.

लेखाची सुरुवात एका यादीने होते. हे जीव अवध्य: पोपट, मैना, चक्रवाक, हंस, वटवाघूळ, एक प्रकारच्या मुंग्या, छोटी कासवं, बिनहाडाचा मासा, साळिंदर, सोडलेला पोळ, पांढरी कबुतरं, गावातली कबुतरं… मधली काही नावं अशी आहेत की प्राणी कोणता यावर विद्वानांत वाद आहेत, एकाच शब्दाचा अर्थ कुणी गेंडा लावतो तर कुणी काही वेगळाच. आणि शेवटी एक सरसकट कलम: जे उपयोगात येत नाहीत आणि खाल्लेही जात नाहीत असे सगळे चतुष्पाद.

यादीत काय नाही तेही पाहायला हवं. गाय नाही. मोर नाही, तोच मोर जो राजाला सोडवत नव्हता. वाघ-सिंह नाहीत. आणि ते सरसकट कलम तर चक्क म्हणतं की जे कुणी खात नाही ते मारू नका. वाचताना हसू येतं. वटवाघूळ मारू नका म्हटल्याने मगधातल्या किती घरांत त्या रात्री चूल थंड राहिली असेल? यादीचा हा भाग राजाला स्वस्तात पडला, रयतेलाही.

पुढची कलमं मात्र गोठा आणि शेत जाणणाऱ्या माणसाने लिहिल्यासारखी आहेत. गाभण किंवा दूध देणारी शेळी, मेंढी, डुकरीण मारू नये. त्यांची सहा महिन्यांच्या आतली पिल्लं मारू नयेत. कोंबडा खच्ची करू नये. जिवंत किडे असलेला तूस जाळू नये. विनाकारण किंवा जीव मारण्यासाठी रानात वणवा लावू नये. आणि एक छोटंसं कलम, ‘जीवेन जीवे नो पुसितविये’: एका जिवावर दुसरा जीव पोसू नये. दुभती शेळी न मारण्यात धनगराचंही हित आहे, त्याला ते राजाने सांगायला नको. पण तूस आणि वणव्याची कलमं तेवढी सोपी नाहीत. कोकणातल्या शेतकऱ्याला विचारा. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा तर पाल्यासोबत किती जीव जातात हे त्याला माहीत असतं, आणि राब भाजल्याशिवाय रोप धरत नाही हेही त्याला आजोबाने शिकवलेलं असतं.

मग येतं दिवसांचं प्रकरण. वर्षातल्या तीन चातुर्मासी पौर्णिमा (आपल्या भाषेत आषाढी, कार्तिकी आणि फाल्गुनी) आणि तिष्य म्हणजे पुष्य नक्षत्राची पौर्णिमा. प्रत्येकीचे तीन दिवस, चतुर्दशी, पौर्णिमा आणि प्रतिपदा. शिवाय उपोसथाचे, म्हणजे बौद्धांच्या उपवासाचे दिवस. या दिवशी मासे मारायचे नाहीत आणि विकायचेही नाहीत. ‘विकायचेही नाहीत’ ही पाचर मुद्दाम मारलेली आहे, नाहीतर आदल्या दिवशीचे म्हणून ताजे मासे बाजारात आले असते. याच दिवशी हत्तींच्या राखीव रानात आणि कोळ्यांच्या राखीव पाण्यात इतर जीवही मारायचे नाहीत. अष्टमी, चतुर्दशी, पंधरावी तिथी, तिष्य, पुनर्वसू आणि सणांच्या दिवशी बैल, बोकड, मेंढे, डुक्कर खच्ची करायचे नाहीत. तिष्य, पुनर्वसू आणि चातुर्मासीच्या दिवसांत घोड्या-बैलांना डाग द्यायचा नाही.

खच्ची करणं आणि डाग देणं यांचा उल्लेख मला सगळ्यांत बोलका वाटतो. जनावर मारण्याविरुद्ध बोलणारे पुष्कळ होऊन गेले. जिवंत, कामाच्या जनावराला आपण रोजच्या व्यवहारात जो त्रास देतो तिकडे राज्यकर्त्याचं लक्ष जाणं विरळा. अशोक तो त्रास बंद करत नाही, कारण खच्ची केल्याशिवाय बैल नांगराला येत नाही आणि डाग नसेल तर कळपातला आपला कोणता हे कळत नाही. तो फक्त काही दिवस त्यांना मोकळे देतो. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, त्यामागची भावना याहून फार वेगळी नसावी.

पण माशांकडे परत येऊ. बैल उद्या खच्ची केला तरी चालतो. कोळ्याचं तसं नाही. बाजार बंद म्हणजे त्या दिवसाची कमाई बंद. राजाने मोर सोडला तेव्हा त्याच्या ताटात एक पदार्थ कमी झाला. विहिरी खणल्या तेव्हा तिजोरीतून पैसे गेले. मासळीबंदीच्या दिवशी मात्र दया राजाची होती आणि उपास केवटाचा. त्या दिवसांची भरपाई, धान्य किंवा दुसरं काम, यातलं काहीही या लेखात नाही.

इथे अहिल्याबाई होळकरांची आठवण होणं साहजिक आहे. १७६७ ते १७९५ त्यांनी महेश्वरहून माळव्याचा कारभार केला. जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने पुढे माळव्यात त्यांना पाहिलेल्या लोकांकडून माहिती गोळा करून लिहून ठेवलं: उन्हाळ्यात महेश्वरच्या आसपास नांगराला जुंपलेले बैल बाईंचा माणूस मधेच थांबवी आणि त्यांना पाणी पाजी. पाखरांचं तर आणखी खास. शेतकरी पिकावरची पाखरं हाकलतात यात त्यांचं चुकत नाही, पोट त्यांचं त्या पिकावर आहे, असं बाई म्हणत. मग पाखरांनी जायचं कुठे? बाईंनी उभी पिकं असलेली शेतं विकत घेतली आणि पाखरांना मोकळी सोडली. शेतकऱ्याला ‘पाखरं हाकलू नका’ असा हुकूम काढणं त्यांच्या हातात होतं. त्यांनी तो काढला नाही, पैसे मोजले. अशोकाचा दुसरा थर आणि तिसरा थर यांतला फरक याहून नेटका कुणी दाखवला असेल असं वाटत नाही.

अशोकावर अन्याय नको म्हणून सांगायला हवं, की ठरावीक दिवशी हत्याबंदी ही कल्पना त्याच्या एकट्याची नाही. कौटिल्याच्या नावावर असलेल्या ‘अर्थशास्त्रा’त खाटकांवर देखरेख करणारा सूनाध्यक्ष आहे, अभयवनं आहेत, तिथले प्राणी मारणाऱ्याला मोठा दंड आहे, वासरू, वळू किंवा दुभती गाय मारणाऱ्याला ५० पण (त्या काळचं नाणं) दंड आहे. पण सगळ्यांत चकित करणारा उतारा आहे तो नव्याने जिंकलेला मुलूख शांत कसा करावा या प्रकरणात. तिथे विजेत्याला सल्ला दिलाय: चातुर्मासात पंधरा दिवस हत्याबंदी ठेव, पौर्णिमांना चार रात्री, राजाच्या आणि देशाच्या नक्षत्राला एक रात्र, माद्या आणि पिल्लं मारण्याला, नर खच्ची करण्याला मनाई कर. पाचव्या स्तंभलेखाचा सांगाडाच म्हणा ना. तिष्य आणि पुनर्वसू ही अशोकाच्या बाबतीत तशीच राजाची-देशाची नक्षत्रं असावीत हा तर्क यावरूनच निघतो. ‘अर्थशास्त्र’ नेमकं केव्हाचं यावर वाद आहे, तेव्हा कुणी कुणाचं उचललं हा प्रश्न बाजूला ठेवू. एवढं मात्र दिसतं की जिवांना अभय देणं हे त्या काळी राजाने आपली सत्ता दाखवण्याचं एक ओळखीचं साधन होतं. जो मारू शकतो तोच अभय देऊ शकतो.

पाचव्या स्तंभलेखाची शेवटची ओळही त्याच सुरात आहे: अभिषेकापासून २६ वर्षांत २५ वेळा कैद्यांची सुटका केली. पोपट, मासे, बैल, आणि मग कैदी. अभय मिळणाऱ्यांची ती एकच रांग आहे. त्याच वर्षीच्या चौथ्या स्तंभलेखात मात्र देहदंड कायम दिसतो. शिक्षा झालेल्यांना राजा तीन दिवसांची सवलत देतो, नातलगांना दाद मागायला किंवा परलोकाची तयारी करायला. चतुर्दशीला रोहू वाचतो आणि माणूस सुळावर जातो, असं म्हणून अशोकाला ढोंगी ठरवणारे आहेत. तेराव्या शिलालेखात रानातल्या लोकांना तो समजावतो आणि त्याच दमात बजावतो की पश्चात्ताप झाला असला तरी राजाकडे सामर्थ्य आहे. ज्यांचं पोटच शिकारीवर त्यांना ही दया कशी वाटली असेल, त्यांच्या बाजूचा एकही दगड आपल्याकडे नाही.

मला तो ढोंगी वाटत नाही, त्याचं कारण सातवा स्तंभलेख. अभिषेकानंतर २७ वर्षांनी, म्हणजे ती सगळी यादी काढल्यावर वर्षभरात, हा राजा मागे वळून हिशेब मांडतो. लोकांत धम्म वाढला तो दोन मार्गांनी, तो म्हणतो: नियमांनी आणि समजावण्याने, ज्याला तो ‘निझति’ म्हणतो. पुढे तो निकालही देऊन टाकतो: यांत नियम हलका, समजावण्यानेच जास्त घडतं. नियमाचं उदाहरण म्हणून तो काय देतो? अमुक अमुक प्राणी अवध्य आहेत, हे मी केलं. म्हणजे ज्या फर्मानासाठी आपण त्याची आठवण काढतो ते फर्मान त्याच्या स्वतःच्या मोजणीत कमी प्रतीचं. हुकमाने हात थांबतो, मन बदलतं ते बोलण्याने, हे सम्राटाने दगडावर मान्य करणं ही साधी गोष्ट नाही. पाचव्या स्तंभलेखात मोडणाऱ्याला शिक्षा काय, दंड किती, याचा एक शब्द नाही, त्याचा अर्थही कदाचित इथे लागतो.

लोकांनी हे किती पाळलं? महाराष्ट्रात याचे दोन पुरावे आहेत, दोन उलट दिशांना तोंड केलेले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या देवटेकला एक शिळा सापडली. तिच्यावरच्या जुन्या ब्राह्मी लेखात कुणा स्वामीची आज्ञा आहे: प्राणी पकडण्याला आणि मारण्याला मनाई. हा लेख अशोकाच्या धर्ममहामात्राचा, म्हणजे धम्माचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याचा असावा असं मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मांडलं. ते खरं असेल तर सम्राटाचा शब्द विदर्भाच्या रानापर्यंत एका अधिकाऱ्याच्या हाताने पोचला होता. त्याच शिळेवर काही शतकांनी वाकाटक राजा रुद्रसेनाचा लेख कोरला गेला. जुना हुकूम कुणाला लागत नव्हता, दगड मात्र चांगला होता. शिळा आता नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे अजब बंगल्यात आहे.

दुसरा पुरावा जुन्नरच्या नाणेघाटात. सोपारा-कल्याणच्या बंदरांतून माल घेऊन बैलांचे तांडे याच घाटाने वर चढत. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लांबलचक लेख आहे, अशोकानंतर साधारण दीड-दोनशे वर्षांनी कोरलेला. त्यात राजघराण्याने केलेल्या यज्ञांची यादी आहे, अश्वमेधही आहे, आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या हजारो गाईंची, घोड्यांची, हत्तींची मोजदाद आहे. मगधात तर इतकाही वेळ लागला नव्हता. शेवटच्या मौर्य राजाला मारून गादीवर बसलेल्या पुष्यमित्र शुंगाने दोन अश्वमेध केल्याचं अयोध्येच्या लेखात नोंदलेलं आहे, आणि ते अशोक गेल्यावर शतक उलटायच्या आत. ‘माझी मुलं, नातू-पणतू चंद्रसूर्य असेतो हे चालवोत’ असं सातव्या स्तंभलेखात लिहिणाऱ्या राजाचं घराणं त्याच्यानंतर पन्नासएक वर्षंच टिकलं. वाटेवरच्या वडांना मात्र कुणाच्या हुकमाची गरज नव्हती, ते त्याहून नक्कीच जास्त जगले असतील.